एकवीस पूर्णांक चार

“मॅडम, हे पानी परत एकदा पाहा.”

खंडारे सिस्टरांनी पिशवीतून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी आमच्याच प्रयोगशाळेचा घडी घातलेला अहवाल उलगडून ठेवला. तळेखेड, नवीन विहीर. खाली शिक्का, ‘पिण्यास योग्य’. शिक्क्यावर अंभोरे साहेबांची सही आणि ‘तपासणारे’ या रकान्यात माझी.

“हे तर तीन आठवड्यांपूर्वीच तपासलंय, सिस्टर.”

“म्हनूनच म्हनते, परत पाहा.”

शहाण्णव सालचा नोव्हेंबर होता. मी पंचवीस वर्षांची. एम.एस्सी. करून तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले त्याला दीड वर्ष झालं होतं. खंडारे सिस्टर तळेखेडच्या उपकेंद्रात परिचारिका होत्या. चाळिशीच्या, उंच, दहावी शिकलेल्या. पाच गावांतली बाळंतपणं, लसी आणि तापाचे रोगी एकट्या बघायच्या.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. त्या मार्चमध्ये आमच्याकडे नवं यंत्र आलं होतं. त्याआधी पाण्यातलं नायट्रेट आम्ही डोळ्यांनी मोजायचो. पाण्यात रसायनं घालून पिवळा रंग आणायचा, तो नळ्यांतल्या ठरावीक पिवळ्या रंगांशी ताडून बघायचा आणि ज्याच्याशी जुळेल तो आकडा लिहायचा. आता पाणी छोट्या चौकोनी कुपीत घालून यंत्रात ठेवलं की हिरव्या अक्षरांत आकडा उमटायचा, दशांशासकट. विभागात अशी सहा यंत्रं आली होती. आमच्याकडे ते चालवता येणारी मी एकटीच. अंभोरे साहेब आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ, एकतीस वर्षांची नोकरी झालेली. पण यंत्र सुरू करायचं म्हटलं की त्यांनाही मला हाक मारावी लागे. मला ते आवडायचं.

“कागद बरोबर असन मॅडम,” सिस्टर म्हणाल्या, “पन लेकरू निळं पडून राह्यलं.”

“कोणाचं?”

“ढोरेंच्या प्रतिभाचं. तीन महिन्यांची पोरगी हाय. ओठ निळे, नखं निळी. इथल्या ग्रामीण रुग्णालयात हाय. डॉक्टर म्हनतात, हृदयाला छिद्र असन. दोनच्या गाडीनं नागपूरले नेऊन राह्यले.”

“हृदयाला छिद्र पाण्यानं पडत नाही, सिस्टर.”

“नसन पडत. मले काय कळते. पन तुमी पाहा तर.”

मी पाहिलं. पाणी गाळलं, कुपी पुसली, यंत्रात ठेवली. एकवीस पूर्णांक चार. तीन आठवड्यांपूर्वी आला होता तोच आकडा, दशांशाचाही फरक नाही. मला बरंच वाटलं.

“बघा. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. हे त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.”

सिस्टर हलल्या नाहीत. त्यांनी पिशवीत हात घालून आणखी एक कागद काढला. जुना, कडा मळलेला.

“हे टेकडीवरच्या जुन्या विहिरीचं. दोन वर्सांआधीचं, तुमच्याच इथलं. याच्यात अठ्ठावीस लिवलं हाय.”

“हो, मग?”

“मॅडम, टेकडीवर ना गुरं जात ना खत जाते. खडकातली विहीर हाय ते. अन हे नवी विहीर गोठ्यांच्या खालच्या अंगाले हाय. संत्र्याच्या वावरातलं सगळं पानी तिकडंच उतरते. तुमीच मागं सांगतलं होतं, शेण अन खत मुरलं का नायट्रेट वाढते म्हनून. मंग टेकडीवरच्या पान्यात अठ्ठावीस अन गोठ्याखालच्या पान्यात एकवीस, हे कसं जी?”

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

“जुन्या विहिरीचं पाणी आणता येईल का उद्या?” मी विचारलं.

सिस्टरांनी दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली. सकाळी सहाला टेकडी चढून त्या ती भरून घेऊन आल्या होत्या.

ते पाणी मी यंत्रात ठेवलं. आकडा आला सहा पूर्णांक तीन.

अठ्ठावीसचे सहा कसे झाले? विहीर आटली असती तर उलट वाढायला हवं होतं. मी कुपी धुतली, परत भरली. सहा पूर्णांक तीन. मग मी रजिस्टर काढलं. यंत्र येण्याआधी आणि आल्यानंतर, दोन्ही वेळा तपासलेल्या विहिरी शोधल्या. नऊ सापडल्या. कागदावर जुना आकडा, त्याखाली नवा, आणि भागाकार. चार पूर्णांक चार. चार पूर्णांक पाच. चार पूर्णांक तीन. चार पूर्णांक चार. नऊच्या नऊ वेळा.

 मी उठले आणि कपाटातून प्रमाण द्रावणाची बाटली काढली. यंत्राबरोबर कंपनीने पाठवलेली. तिच्यातलं द्रावण दाखवूनच यंत्राला शिकवायचं असतं की बाबा, हे एवढं म्हणजे शंभर. मार्चमध्ये मीच ते शिकवलं होतं. बाटलीवर ठळक अक्षरांत नायट्रेट लिहिलं होतं. त्यानंतर एक छोटी आडवी रेघ आणि रेघेपुढे एक अक्षर, एन. मी ते अक्षर आठ महिने रोज पाहत होते.

एन म्हणजे नायट्रोजन. नायट्रेटमध्ये एक भाग नायट्रोजन आणि त्याला चिकटलेले तीन ऑक्सिजन. सगळ्यांचं मिळून वजन बासष्ट, त्यातल्या एकट्या नायट्रोजनचं चौदा. बासष्ट भागिले चौदा, चार पूर्णांक त्रेचाळीस. यंत्र पाण्यातला फक्त नायट्रोजन मोजून दाखवत होतं आणि मी तोच आकडा नायट्रेट म्हणून लिहीत होते. पंचेचाळीसची मर्यादा होती पूर्ण नायट्रेटची.

मी एकवीस पूर्णांक चारला चार पूर्णांक त्रेचाळीसने गुणलं. पंच्याण्णव.

“सिस्टर,” मी म्हटलं, “त्या बाळाला आईचं दूध आहे का?”

“नाई. प्रतिभाले टायफाइड झालता, दूध गेलं. वरचं देते. पावडरीचं.”

“पावडर कशात कालवते?”

 “पान्यात,” त्या म्हणाल्या. “नव्या विहिरीच्या.”

मी ग्रामीण रुग्णालयाला फोन लावला. लागेना. दुसऱ्यांदा लावला, तोही नाही. घड्याळात पावणेबारा झाले होते. मी कपाटातून गाळण कागदाचा एक गठ्ठा उचलला आणि आम्ही दोघी रिक्षाने निघालो.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात प्रतिभा बसली होती. वीस-एकवीस वर्षांची, आजारातून उठलेली, गालफडं बसलेली. मांडीवर दुपट्यात लेक. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासू. मधे एक माणूस बसेल एवढी जागा दोघींनी सोडली होती. बाळ रडत नव्हतं. ओठांचा रंग जांभळासारखा दिसत होता.

“पाणी उकळून घेतेस का?” मी विचारलं.

“घेते ना ताई. सिस्टरनं दहा मिन्टं सांगतले, मी अर्धं होईस्तोर उकळते. एक दिवस नाई चुकवलं.”

“चुकवलं नाई म्हने,” सासू भिंतीकडे बघत म्हणाली. “मंग लेकरू असं काऊन झालं? इच्या माहेरचंच रक्त खराब हाय.”

प्रतिभाने मान खाली घातली. मी तेव्हा तिची बाजू घेतली नाही. मी मनात हिशेब करत होते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी मात्र वाफ होऊन जातं आणि जे उरतं त्यात नायट्रेट तेवढंच राहतं. अर्धं होईपर्यंत उकळलं तर पंच्याण्णवचे एकशे नव्वद.

डॉक्टर काझी नागपूरला द्यायची चिठ्ठीच लिहीत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. पाण्यातल्या जास्त नायट्रेटने तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, बाळ निळं पडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेही त्यांनी वाचलेलं असणार.

“मॅडम, पाच दिवसांपूर्वी तुमचा अहवाल मी स्वतः पाहिला,” ते म्हणाले. “सिस्टरांनी आणून दाखवला होता. पाणी योग्य आहे असं त्यात लिहिलंय. म्हणून तर मी हृदयाकडे वळलो.”

“अहवाल चुकीचा आहे. तो मी लिहिलाय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठले. मी गाळण कागद पुढे केला. त्यांनी बाळाच्या टाचेतून एक थेंब काढून कागदावर टेकवला, मग सुई बदलून स्वतःच्या बोटातून एक थेंब शेजारी. आम्ही तिघं वाकून बघत उभे. डॉक्टरांचा थेंब लालभडक झाला. बाळाचा थेंब हवा लागूनही तसाच राहिला, चॉकलेटसारखा तपकिरी.

“चिठ्ठी फाडा,” डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले. “ऑक्सिजन लावा, आणि जिल्हा रुग्णालयाला फोन लागेपर्यंत लावत राहा. यावर उतारा म्हणून मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन आहे का विचारा. आहे म्हणाले की आपण निघालो.”

“आमच्याकडे मिथिलीन ब्लू आहे,” मी म्हटलं.

“तुमचं प्रयोगशाळेचं आहे. ते शिरेतून नाही देता येत.” मग जाता जाता थांबून ते सिस्टरांना म्हणाले, “तुम्ही पाच दिवसांपासून पाणी, पाणी म्हणत होतात. मी ऐकायला हवं होतं.”

“ऐकलं ना आता,” सिस्टर म्हणाल्या, आणि प्रतिभाच्या हातातून बाळ घेऊन ऑक्सिजनच्या खोलीत गेल्या.

एक वाजता रुग्णवाहिका निघाली. डॉक्टर स्वतः बरोबर गेले. सिस्टर मिळेल त्या गाडीने तळेखेडला गेल्या आणि लोकांना परतवत अंधार पडेपर्यंत नव्या विहिरीच्या काठावर बसून राहिल्या. मी प्रयोगशाळेत परतले.

साडेचारला डॉक्टरांचा फोन आला. इंजेक्शन देऊन तासही झाला नव्हता आणि पोरीचे ओठ गुलाबी झाले होते. “रडतेय,” ते म्हणाले. “सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय.”

मी फोन ठेवला आणि रजिस्टर पुढे ओढलं. मार्चपासून सहाशे बारा नमुने. पेन्सिल घेऊन एकेक ओळ बघत गेले. यंत्रावर दहा पूर्णांक एकच्या वर आलेला प्रत्येक आकडा आता पंचेचाळीसच्या वर जाणार होता. अशा त्र्याऐंशी ओळी निघाल्या. त्र्याऐंशी विहिरी आणि हातपंप. सगळ्यांवर ‘पिण्यास योग्य’, आणि ‘तपासणारे’ या रकान्यात माझं अक्षर.

अंभोरे साहेब बैठकीहून परतले तेव्हा पाच वाजले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. बाटली हातात घेऊन चष्मा वर करून तिच्यावरचं ते अक्षर पाहिलं. रजिस्टरमधल्या पेन्सिलच्या खुणा पाहिल्या. मग खुर्चीत बसून जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. अंभोरे साहेब “हो सर” म्हणत होते, “तसं लिहितो सर” म्हणत होते.

फोन ठेवून म्हणाले, “कागद घे. लिही. विषय, यंत्रातील तांत्रिक बिघाडामुळे...”

मी तेवढं लिहिलं आणि थांबले.

“काय झालं?”

“सर, यंत्रात बिघाड नाही.”

“ठाऊक आहे मला. पण पाणी बंद व्हायला हवं ना? ते होतंय. या सगळ्या गावांना उद्या पत्रं जातील, नवे अहवाल जातील. कारण काय लिहिलं याने त्या लोकांना काय फरक पडतो?”

“त्यांना नाही पडत, सर. बाकीच्या पाच प्रयोगशाळांना पडतो.”  “त्यांच्याकडे हीच यंत्रं आहेत, ह्याच बाटल्या आहेत. आपलं यंत्र बिघडलं असं वाचून ते काय म्हणतील? आमचं तर नीट चालतंय, म्हणतील. बाटलीवरचं अक्षर कोण बघेल?”

साहेबांनी बाटली परत उचलून पाहिली. बाहेर आवारात कुणीतरी बादली घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“जानेवारीत तुझं कंत्राट संपतंय, उज्ज्वला.”

“हो सर.”

“आणि मी मेमध्ये निवृत्त होतोय. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही.”

“माहीत आहे सर.”

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. फार वेळ पुसला.

“तो कागद फाड,” ते म्हणाले. “दुसरा घे. तुझ्या शब्दांत लिही.”

मी लिहिलं. यंत्र योग्य होतं. आकडे योग्य होते. ते आकडे नायट्रोजनचे असताना नायट्रेटचे म्हणून लिहिले गेले. चूक तपासणाऱ्या व्यक्तीची आहे. ज्या प्रयोगशाळांत हे यंत्र आहे त्यांनी प्रमाण द्रावणाच्या बाटलीवरील अक्षर कृपया आजच पाहावे आणि आकड्यांना चार पूर्णांक त्रेचाळीसने गुणावे.

साहेबांनी वाचलं, खाली सही केली आणि कागद फाइलमध्ये घालायला घेतला.

“माझी सही राहिली, सर.”

“माझी पुरे आहे. प्रमुख मी आहे.”

“तपासणारी मी आहे.”

त्यांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला.

आठवड्याने तळेखेडला ग्रामसभा भरली, सकाळी दहाला, पंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली. शंभरेक माणसं असतील. सरपंच भास्करराव निमकर्डे यांनी तीन वर्षं खेटे घालून ती विहीर मंजूर करून आणली होती. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळू बोलले.

“मॅडम, या गावच्या बाया चाळीस वर्स टेकडी चढल्या. तुमच्या कागदावर भरोसा ठेवून मी त्याईले खाली उतरवलं. आता म्हंता, परत चढा.”

“हो. माझ्यामुळे,” मी म्हटलं.

“पन झालं काय ते तर समजू द्या,” मागून कुणीतरी म्हणालं. “आधी चांगलं, आता खराब. पानी तेच, यंत्र तेच.”

मी नायट्रोजन म्हणाले, ऑक्सिजन म्हणाले, बासष्ट आणि चौदा म्हणाले. समोरचे चेहरे कोरेच राहिले. पुढच्या रांगेत एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हंगामच होता. मी खाली वाकून तिच्या सुपातून मूठभर शेंगा उचलल्या.

“असं समजा,” मी म्हटलं, “सरकारने सांगितलंय, पोत्यात पंचेचाळीस किलोपर्यंत शेंगा चालतील. टरफलासकट शेंगा. मी काय केलं? नुसते दाणे मोजले. एकवीस किलो भरले. आणि कागदावर लिहून दिलं, एकवीस किलो शेंगा.”

 मग पारावर बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “म्हंजे टरफलं धरली तं वजन कितीक झालं?”

“या शेंगांची टरफलं फार जड असतात, बाबा. पंच्याण्णव किलो.”

“आरं बापा.” तो विचार करत राहिला. “म्हंजे काटा बरोबर होता?”

“काटा बरोबर होता. मोजणारी चुकली.”

“आजलोक असं कोनी सांगतलं नाई,” तो शेजाऱ्याला म्हणाला. “सारे काट्यालेच दोष देतेत.”

थोडी माणसं हसली. सरपंच हसले नाहीत, पण त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मी बसले नाही. गर्दीच्या मागे, बायकांच्याही मागे, प्रतिभा लेकीला घेऊन उभी होती. जिल्ह्याहून परवाच परतलेली. तिची सासू पुढे सतरंजीवर बसली होती.

“आणखी एक सांगायचंय,” मी म्हटलं. “या बाळाच्या आईला सांगितलं होतं की पाणी उकळून दे. तिने दिलं. दहा मिनिटं सांगितलं होतं, तिने त्याहून जास्त उकळलं. आजारातून उठलेली बाई, रोज, एक दिवस न चुकवता. तिला जे जे सांगितलं ते सगळं तिने केलं. तिचं काही चुकलं नाही. तिच्या माहेरचं काही चुकलं नाही. आम्ही चुकीचं सांगितलं. हे सगळ्यांच्या समोर सांगायचं होतं, म्हणून मी आज आले. पत्र तर टपालानेही आलं असतं.”

हे बोलताना मी प्रतिभाकडे पाहिलं नाही, माझ्याच्याने झालं नसतं. पण सिस्टर तिच्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की ती रडली नाही. तिने नुसता डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वर केली. मला दिसलं ते एवढंच, की सासू सतरंजीवर थोडी बाजूला सरकली, मागे वळली आणि म्हणाली, “उभी काऊन हायस? ये, इथं बस. लेकरू दे माझ्यापाशी.”

त्यानंतरचे अकरा दिवस मी, साहेब आणि एक ड्रायव्हर जीपमध्ये होतो. त्र्याऐंशी ठिकाणं. प्रत्येक हातपंपाला लाल रंग, प्रत्येक विहिरीवर पाटी, आणि प्रत्येक गावात तेच सांगणं. साहेब अठ्ठावन्नला टेकलेले, कंबर दुखायची, पण एकही गाव त्यांनी मला एकटीला जाऊ दिलं नाही. दोन गावांत ओठ निळसर झालेली बाळं सापडली. पाणी बदललं आणि ती सुधारली. एका गावात एक बाप भेटला. त्याचं दोन महिन्यांचं मूल ऑगस्टमध्ये गेलं होतं. “आमचं गेलं ते यानंच का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, असेलही. तो मान हलवून घरात गेला आणि मी अंगणात उभी राहिले. साहेबांनी माझ्या खांद्याला धरून जीपकडे नेलं. तो प्रश्न मी आजही दुसऱ्या कुणावर ढकलू शकलेले नाही. तो माझाच आहे.

डिसेंबरमध्ये नोटीस आली. निष्काळजीपणाबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. साहेबांना वेगळी. त्यांच्या स्वच्छ सेवापुस्तकात शेवटच्या पाच महिन्यांत शेरा पडला. मी खुलाशात जे घडलं ते लिहिलं आणि शेवटी मागणी केली, की अहवालाच्या छापील नमुन्यातच ‘नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून’ असा रकाना असावा. तो रकाना पुढे आला. माझं कंत्राट जानेवारीत संपलं आणि दोन महिने मी घरी बसले. मार्चमध्ये परत बोलावलं. पुढे कायम झाले, सव्वीस वर्षं नोकरी केली, मुख्य रसायनतज्ज्ञ असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी लोक पुष्कळ गोष्टींबद्दल चांगलं बोलले. ती नोटीस त्यात नव्हती. माझ्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये मात्र ती सगळ्यात वर आहे.

पण मला सांगायचा तो दिवस वेगळा आहे. जानेवारीतला, कंत्राटाचा शेवटचा. दुपारी तीनचा सुमार. मी टेबल आवरत होते, नळ्या धुऊन उलट्या लावत होते. फोन वाजला. साहेब जागेवर नव्हते म्हणून मी घेतला.

“गावंडे मॅडम आहेत का?” पलीकडून एक पुरुष बोलत होता. अनोळखी आवाज, जरा घोगरा.

“बोलतेय.”

“मी मेश्राम. शेजारच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून. आपली ओळख नाही. तुमचं पत्र आमच्याकडे आलं होतं नोव्हेंबरात. साहेबांनी फाइलला लावून टाकलं. परवा माझ्या हाती लागलं.”

“बरं.”

“बाटली काढून पाहिली. एन आहे.” तो थांबला. “आमच्या एकशे सात निघाल्या, मॅडम.”

मी खुर्चीत बसले.

“आमचे साहेब म्हणतात, पावसाळ्यानंतर नायट्रेट वाढलं असं लिहून टाकू. सगळा स्टाफ तेच म्हणतो. माझं लग्न ठरलंय. मी पण दोन दिवस तेच म्हणत होतो.” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “मग तुमचं पत्र परत वाचलं. खाली दोन सह्या आहेत. साहेबांची असते, ते समजतं. पण तपासणाऱ्याची सही मी कधीच पत्रावर पाहिली नव्हती. तुमचं काही झालं का हो त्यामुळे?”

“आज शेवटचा दिवस आहे माझा,” मी म्हटलं.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, लाइन गेली. आणि वाटलं, आपण हे सांगायला नको होतं.

“ठीक आहे,” मग तो म्हणाला. आवाज मघापेक्षा साफ होता. “मी सकाळीच सही केलीय, मॅडम. सगळ्या गावांना पत्रं गेलीत. तुमच्यासारखंच लिहिलंय, यंत्र बरोबर होतं म्हणून. तेवढंच सांगायला फोन केला.”

मी फोन ठेवला. अंभोरे साहेब दारात उभे होते, त्यांनी माझं शेवटचं बोलणं ऐकलं होतं.

“कोण होतं?”

“मेश्राम म्हणून आहेत. त्यांच्याकडे एकशे सात निघाल्या, सर. त्यांनी आज सही केली.”

साहेब टेबलापाशी आले. तोवर त्यांनी कुणा सहायकाशी हात मिळवलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. माझा हात ओला होता, नळ्या धुतल्याचा. तो मी पदराला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.